जावयाचं दुमजली रॉकेट

१८ एप्रिल

आजपासून रोजनिशी. आमच्या एप्रिलातल्या नव्या वर्षाच्या सणाचं पाणी खेळून झालं. डोकं थंड आहे. निश्चय अशाच वेळी करावेत.

निश्चय: यंदा मे महिन्यातल्या, पावसासाठी रॉकेटं सोडायच्या जत्रेत माझं स्वतःचं रॉकेट. साधं नव्हे, दोन टप्प्यांचं. खालचं जळून गळून पडतं, तेवढ्यात वरचं पेटतं आणि पुढे निघून जातं. फोनवर बघितलं. तत्त्व अगदी सोपं आहे. आमच्या नोंग साय गावात आजवर कोणी केलं नाही, कारण कोणाला सुचलं नाही. त्याला इंडस्ट्रीतला अनुभव लागतो. मी अकरा वर्षं पंख्यांच्या कारखान्यात होतो. पॅकिंगला असलो म्हणून काय झालं. ज्याच्या हाताखालून रोज शेकड्यांनी पंखे गेले तो माणूस, आणि पंख्याखाली नुसता झोपलेला माणूस, यांच्यात फरक राहतोच.

उरायला सांगितलं. ती गाडीवर विकायची पपई किसत होती. म्हणाली, आधी माझ्या गाडीचं चाक बसवून द्या, मग आकाशात जा.

बायको म्हणून चांगली आहे. दृष्टी नाही.

१९ एप्रिल

कारणं लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मन डळमळायला नको.

गावाचं रॉकेट दरवर्षी खामून करतो. खामून म्हणजे उरायचा थोरला भाऊ. त्याचं रॉकेट शेपटीसकट माडाएवढं लांब असतं आणि उडतंही. उडालं की लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचतात. मला मत्सर नाही. फक्त एवढंच, की नाचून दमले की त्यातला कोणीतरी माझ्याजवळ येऊन बसतो आणि विचारतो, काय जावईबापू, तुमच्याकडे शहरात असलं काही असतं का. मी बावीस वर्षं या गावात राहतोय. सासुरवाडीत राहायची इथे रीतच आहे, घरोघरी जावई आहेत. पण ते आजूबाजूच्या गावांतले. दूरवरून आलेला मी एकटा. माझं नाव सानित आहे हे पोस्टमनलासुद्धा आठवावं लागतं.

यंदा खांद्यावर मी. ठरलं.

२१ एप्रिल

विहारात जाऊन मोठ्या भंतेंना प्रकल्प समजावला. जत्रेत कोण काय उडवणार हे त्यांच्या होकारावर ठरतं. आकृती काढून नेली होती. खालचा टप्पा, वरचा टप्पा, मधला जोड. भंतेंनी डोळे मिटून ऐकलं. इतकं लक्ष देऊन ऐकणारा माणूस मी पाहिला नाही. शेवटी त्यांची मान हळूहळू खाली आली. होकार. मग एकदम वर आली, आणि पुन्हा खाली.

म्हणजे दोन होकार. टप्प्यागणिक एक असणार.

२३ एप्रिल

टीम झाली. मी आणि बुनथोम. बुनथोम आमचा शेजारी, बदकं पाळतो. आधी तयार नव्हता. मग म्हणाला, दारू कोणाची. म्हटलं, खामूनकडून आणू. म्हणाला, खामून तर पीत नाही. तेव्हा लक्षात आलं की तो प्यायच्या दारूचं विचारतोय आणि मी ठासायच्या. दोन्हीची सोय करायची ठरली.

पदं वाटून घेतली. मी मुख्य अभियंता. बाकीचं सगळं बुनथोम.

२६ एप्रिल

आधी छोटं मॉडेल. हातभर. मोठ्या देशांत हीच पद्धत आहे. खालचा टप्पा निळ्या पाइपाचा, वरचा बांबूचा. जोड मेणाचा, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी. आत पोटात फटाक्यांची दोन नळकांडी बसवली. अतिशय देखणं दिसतं. जेवताना समोर ठेवलं होतं. सासूबाई म्हणाल्या, ताटाजवळून काढा ते, जावईबापू.

२७ एप्रिल, दुपारी

मॉडेलची चाचणी, बुनथोमच्या बदकांच्या कुंपणाजवळ. निकाल: यशस्वी.

तपशील. खालचा टप्पा एकटाच वर गेला. वरचा जागच्या जागी राहिला. आम्ही जवळ गेलो. तेवढ्यात तो पेटला आणि जमिनीसरपट बुनथोमच्या मागे लागला. बुनथोम कुंपणावरून गेला. टप्पा कुंपणाखालून गेला. बदकं तळ्यात गेली.

निष्कर्ष: दोन्ही टप्पे उडतात. आता फक्त एकत्र उडायचे राहिले.

३० एप्रिल

बुनथोम म्हणतो, बदकं अंडी देत नाहीत. म्हटलं, उन्हाळा आहे. तो म्हणाला, उन्हाळा दरवर्षी असतो. मी त्याला समजावलं की संशोधनात थोडंफार सोसावं लागतं. तो म्हणाला, संशोधन तुझं, सोसणारी बदकं माझी. दोन दिवस आला नाही. आज बाटली घेऊन गेलो. आला.

टीम सांभाळणं हे रॉकेट करण्यापेक्षा अवघड आहे.

२ मे

खामूनकडे गेलो. मोठ्या रॉकेटात दारू ठासायचं काम गावात त्याच्याखेरीज कोणाला करू देत नाहीत. अंगणात चारपाच माणसं बसली होती. मी त्याच्या शेजारी बसलो. बरोबरीच्या नात्याने.

तो म्हणाला, दाजी, एक धड वर जावं म्हणून मी केस पांढरे केले, तुम्ही एकदम दोन नेणार. खालचं पडलं हे वरच्याला कळणार कसं. म्हटलं, मधल्या वातीने. तो म्हणाला, आणि वातीला कोण सांगणार. लोक हसले. मीही हसलो. एकंदरीत तांत्रिक चर्चा मोकळ्या वातावरणात झाली.

दारू मात्र तोच ठासून देणार आहे, दोन्ही टप्प्यांत, बेताने. म्हणाला, बहिणीने निरोप धाडलाय, त्यांना हात लावू देऊ नकोस म्हणून. उरायने असला निरोप कधी धाडला? आणि का? घरात जागरूकता वाढते आहे असं समजतो.

निघताना म्हणाला, यंदा चिखलाचा खड्डा खोल खणलाय, दाजी, कपडे जुने घालून या. ज्याचं रॉकेट उडत नाही किंवा फुटतं, त्याला गाव उचलून चिखलात टाकतं, त्यावरून हा टोमणा. मी पांढरा शर्ट घालणार आहे. इस्त्रीचा. ज्याला पडायचं नाही त्याने जुने कपडे का घालावेत.

५ मे

नाकाचा प्रश्न बरेच दिवस छळत होता. रॉकेटला टोक हवं. हलकं, मजबूत, हवा कापणारं. शंकूच्या आकाराचं. पुठ्ठ्याचं केलं, ते चेपलं. पत्र्याचं केलं, त्याने बुनथोमचा अंगठा कापला.

आज सकाळी चहा करायला स्वयंपाकघरात गेलो आणि समोर खुंटीला दिसलं. सासूबाईंची भात वाफवायची बांबूची टोपली. शंकू. इतका नेमका शंकू मला जन्मात जमला नसता. रोज डोळ्यांसमोर होता आणि बघण्याची नजर नव्हती. शोध असेच लागतात.

तात्पुरती घेतली आहे.

६ मे

सासूबाई टोपली शोधतायत. सगळं घर उलटंपालटं. म्हणाल्या, उंदराने नेली असेल. उराय म्हणाली, अगं आई, एवढी टोपली न्यायची म्हणजे उंदीर केवढा असायला हवा. सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, असतो एकेक घरात पोसलेला.

मी हवामानाचा विषय काढला.

जेवायला बाजारातून आणलेला चिकट भात. सासूबाईंनी एक गोळा तोंडात घातला आणि हात धुतले. त्या टोपलीवर त्यांचा तीस वर्षांचा हात बसलेला आहे म्हणतात. मनाला लागलं. पण विज्ञानाला कुठेतरी टोक लागतंच.

९ मे

जत्रेच्या समितीची बैठक, विहाराच्या ओसरीवर. माझा नंबर कितवा, असं विचारलं. भंते म्हणाले, कसलं रॉकेट, उपासक. मी त्यांना होकाराची आठवण दिली. दोन्ही होकारांची. ते म्हणाले, त्या दुपारी फार उकडत होतं.

कुजबुज झाली. गावाचं रॉकेट एकच, ते खामूनचं. मग बाकीची पाहुण्या गावांची. मध्ये जागा नाही. मी खाली मान घालून बसलो होतो. शेवटी थोंगदी, जो जत्रेत माइकवर बोलतो, तो म्हणाला, जावईबापूंचं सगळ्यांच्या आधी सोडू या, वारा कुठला आहे ते तरी कळेल. सगळ्यांना एकदम पटलं.

म्हणजे उद्घाटन माझ्या हातून. जे खामूनला इतक्या वर्षांत मिळालं नाही. उरायला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, लवकर आटपेल.

१२ मे

जोडणी पूर्ण. सहा हात उंच, शेपटी वेगळी. टोपलीला लाल रंग दिला, ओळखू येत नाही.

उन्हात जोडाचं मेण मऊ पडतं. रात्री दगडासारखं होतं. सरासरी काढली तर ठीक आहे. बुनथोम म्हणाला, तारेने आवळू या का. मी नाही म्हटलं. तार लावणं म्हणजे आपल्याच मेणावर अविश्वास दाखवणं.

उराय गाडी तीन चाकांवर ढकलते, थांबली की चौथ्या कोपऱ्याखाली वीट ठेवते. आज गाडी ढळली आणि पपया रस्त्यावर गेल्या. चाक जत्रा झाल्यावर पहिल्यांदा. पक्कं.

१४ मे

उद्या जत्रा. सगळं तयार. एकच गोष्ट राहिली होती, ती आज केली. खांद्यावर बसायची सवय. अचानक उचललं की माणूस बावचळतो, हात कुठे ठेवावेत कळत नाही, फोटो वाईट येतो. म्हणून बुनथोमला उचलायला सांगितलं. त्याने उचललं. मग त्याच्या पाठीतून आवाज आला. आता तो वाकून चालतोय. उद्या उचलायला पुष्कळ लोक असतील, तेव्हा काळजीचं कारण नाही.

भाषणही पाठ आहे. छोटंसं. नोंग सायकरांनो, अशी सुरुवात. शेवटी सगळ्यांचे आभार, खामूनचे जरा जास्त. मोठेपणा दिसतो.

१५ मे, सकाळी सात

पांढरा शर्ट. इस्त्री. उरायने कॉलर नीट केली.

ऊन आत्ताच कडक आहे. चांगलं लक्षण.

१५ मे, संध्याकाळी

शांतपणे लिहितो.

शेताच्या मधोमध शिडी उभी होती, आकाशाकडे कललेली. तिच्यावर माझं रॉकेट सकाळपासून उन्हात. गाणाऱ्यांचा ट्रक, नाचणाऱ्या बाया, खड्ड्याकाठी चिखल ढवळणारी माणसं, सगळा गाव. थोंगदीने पुकारलं, आता वारा बघायचं रॉकेट. मी माइक मागितला, दोन शब्द बोलायला. तो म्हणाला, नंतर. वात पेटवायला बुनथोम पुढे होईना, पाठ दाखवली. शेवटी खामून स्वतः शिडी चढला. पेटवून उतरला आणि माझ्या दंडाला धरून मला लांब नेलं.

वात जळली. धूर आला. गाणं थांबलं. सगळा गाव माझ्या रॉकेटकडे बघत होता. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण हे घडलं.

मग खालचा टप्पा जागचा हलला नाही. मेण ओघळून शिडीच्या खोबणीत गेलं होतं. टप्पा शिडीला चिकटून तिथल्या तिथे जळत राहिला, मोठमोठ्याने ओरडत, शिडीला गदागदा हलवत. शिडी एका अंगाला झुकली. मग वरचा टप्पा पेटला. म्हणजे इतकं ठरल्याप्रमाणे झालं. पण शिडी झुकल्यामुळे तो वर जायच्या ऐवजी आडवा निघाला. ट्रकवरून गेला. नाचणाऱ्या बाया खाली बसल्या. वाऱ्याने लाल रंगाचा एक मोठा पापुद्रा उडाला. सासूबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माझी टोपली. त्या थोंगदीच्या शेजारीच होत्या, त्यामुळे हे माइकवरून साऱ्या शिवाराने ऐकलं. टप्प्याने हवेत एक वळण घेतलं आणि सरळ चिखलाच्या खड्ड्यात जाऊन शिरला. थोडे बुडबुडे आले.

थोंगदी म्हणाला, वारा काही कळला नाही.

मग शिडी सरळ करून खामूनचं लावलं. ते सुरेख वर गेलं. पाखराएवढं दिसायला लागलं आणि फुटलं. खामूनचं रॉकेट फुटलं. क्षणभर कोणाला खरं वाटेना. मग सगळा गाव आरडत धावला. त्याला हातापायांना धरून उचललं, झोका दिला आणि खड्ड्यात फेकलं. तो वर आला तसा पुन्हा दाबला. त्याला काय काय म्हणाले ते इथे लिहिता येत नाही. सासूबाईंनी पोटच्या पोराच्या डोक्यावर दोन्ही हातांनी चिखल थापला. उराय गाडी सोडून धावली, तिलाही त्याने आत ओढलं. मोठे भंते पंखा तोंडासमोर धरून हसत होते. खामून इतका हसत होता की त्याच्या तोंडात चिखल जात होता. खांद्यावर बसलेला असताना तो असा कधी हसलेला मी पाहिला नाही.

तोवर मी तयार झालो होतो. पडणं योजनेत नव्हतं, पण नियम तो नियम. घड्याळ आणि फोन बुनथोमजवळ दिले. चपला काढून ठेवल्या. खड्ड्यापासून फार लांब नाही आणि फार जवळही नाही, अशा ठिकाणी उभा राहिलो. सहज दिसेन असा.

कोणी आलं नाही.

थोंगदीकडे गेलो. सहज आठवण दिली. तो म्हणाला, जावईबापू, तुमचं मोजणीत कुठे होतं, ते वाऱ्याचं. म्हटलं, वाऱ्याचं तर वाऱ्याचं, पण उडालं नाही ना. तो म्हणाला, अर्धं उडालं की. म्हटलं, मग अर्धं टाका, कमरेपर्यंत. त्याला वाटलं मी गंमत करतोय. शेजारी एक म्हातारे होते. ते म्हणाले, अहो जावयाला का कोणी चिखलात टाकतं, बरं दिसतं का ते, पाहुणे माणूस तुम्ही. त्यांनी कुठून तरी खुर्ची आणली आणि मला सावलीत बसवलं. थंड पाणी दिलं.

मी खुर्चीवर बसून बाकीची रॉकेटं बघितली. तिसऱ्याने पेट घेतला नाही, तेव्हा त्या टीमला माझ्या देखत टाकलं. ती टीम परगावची होती.

ऊन उतरलं. सगळे जेवायला पांगले. खड्ड्याशी एक म्हैस तेवढी होती. मला टोपली शोधायलाच हवी होती, म्हणून उतरलो. टोपली सापडली नाही. उतरलोच होतो, तर बसलो. चिखल आतून गार असतो. थोडा डोक्यावर घेतला. पांढऱ्या शर्टाला समोरून नीट लागला नव्हता, तिथे हाताने लावला.

बुनथोम वाकत वाकत घड्याळ द्यायला आला. म्हणाला, काय रे, काय झालं. म्हटलं, पाय घसरला.

१६ मे

काल सासूबाई दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, माकडा, भात कशात शिजवू आता, तुझ्या डोक्यात? आणि असं बरंच. बावीस वर्षांत पहिल्यांदा अरे-तुरे. चारचौघांत. हे मी विसरणार नाही. त्यांच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं आहे. त्यांनी मात्र सकाळपासून तीनदा हाक मारली, एकदा पाणी भरायला, एकदा मांजर हाकलायला, एकदा नुसतीच.

उरायने काल परसात मला पाठमोरं बसवून पाइपाचं पाणी सोडलं. विचारलं, हे कुठे भरवून घेतलंत. म्हटलं, गावाने टाकलं. उशिरा टाकलं, तुम्ही सगळे गेल्यावर. ती म्हणाली, अस्सं. पाठीवर माझा हात पोचत नाही, तिथला चिखल तिने नारळाच्या शेंडीने घासून काढला. कानांमागचा काढला. बराच वेळ लागला.

मग पाणी बंद केलं आणि म्हणाली, पुढच्या वर्षी पडायचं असलं तर आधी सांगा. मी ढकलीन.

विचार करून सांगतो म्हटलं.